शेततळ्याच्या उतारावरून बर्फाचा अंदाज

[दृश्य: बुलढाणा जिल्ह्यातलं एक शेततळं. धुऱ्यावर सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं.]

डोंगरावरचा बर्फ घसरून लोंढा सुटेल का (हिमस्खलन), याचा पहिला अंदाज उताराच्या कोनावरून येतो. तो मोजायला शेततळ्यावरच शिकू. कंपासपेटीतला कोनमापक उलटा धरा. सरळ कडेच्या मध्यबिंदूला दोरा चिकटवा, टोकाला नट बांधा. आता ती कड उताराला समांतर धरली की दोरा जो आकडा दाखवेल, त्याचा नव्वदपासूनचा फरक म्हणजे उताराचा कोन. मोबाइलमध्येही कोन मोजणारं ॲप मिळतं, पण कडाक्याच्या थंडीत बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही.

उतार दीडास एक (दीड आडवं, एक उभं) ठेवलेल्या शेततळ्यावर हा कोन साधारण 34 अंश भरतो. बर्फाचा अख्खा थर एकदम सुटतो अशी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावरच होतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साचत नाही, झडत राहतो. कमी उतारावर सहसा सुटत नाही. पण म्हणून पायथ्याच्या सपाटीवर तंबू ठोकून निर्धास्त झोपू नये. वरून सुटलेला लोंढा सपाटीवरही बराच आत येतो.

जानेवारी 2017 मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात हिमस्खलनात जवान गेले, त्यांत अकोला जिल्ह्यातलेही होते. आता मनाली, केदारकंठाकडे इथली मुलं ट्रेकिंगलाही जातात. बर्फ म्हणजे फेब्रुवारीतली गारपीट, एवढीच अनेकांची ओळख असते.

[दृश्य: बर्फात खणलेला खड्डा, भिंतीवरचे थर जवळून.]

किती बर्फ पडला हे सगळेच विचारतात. तो कशावर पडला, हे विचारायला हवं. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास असतं. वर उणे 15 असेल आणि थर मीटरभर जाड असेल, तर मीटरमागे 15 अंशांचा फरक पडतो. हा फरक 10 च्या वर गेला की तळाची वाफ वर सरकत राहते आणि खालचे कण मोठे, टोकदार, सुटे होतात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा वळत नाही. म्हणूनच लडाख-काराकोरमकडचा पातळ बर्फ जास्त फसवा.

त्यावर वारा दुसरा बर्फ आणून दाबून बसवतो. चण्याच्या राशीवर टिन ठेवावं, तशी ही बैठक. वाऱ्याला ढगांची गरज नसते. स्वच्छ उन्हातही तो डोंगराच्या एका अंगाचा बर्फ दुसऱ्या अंगावर लादतो.

20 बाय 30 मीटरचा, अर्धा मीटर जाडीचा असा थर, घनमीटरला 250 किलो धरला तरी 750 क्विंटल होतो. तो सुटायला एका माणसाचं वजन पुरतं.

थर किती घट्ट बसलाय याच्या चाचणीसाठी 30 बाय 30 सेंटिमीटरचा बर्फाचा खांब कापून मोकळा करतात, वर फावडं ठेवतात आणि हाताने ठोके देतात: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मनगटाच्या ठोक्यांतच थर कापल्यासारखा सरकला तर मागे फिरायचं. सरकला नाही तरी खड्डा त्याच जागेपुरतं सांगतो. पायाखाली ‘धप्प’ झालं किंवा भेग पळत गेली, तर चाचणीत वेळ घालवू नका, उतार सोडा.

उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने. बाकीच्यांनी आडोशाला थांबून नजर ठेवायची. गाडला गेलेला माणूस बहुधा गुदमरून जातो, आणि जगण्याची आशा असते ती पहिल्या 10-15 मिनिटांत. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (संकेत पाठवणारं आणि दुसऱ्याचा पकडणारं यंत्र) चालू हवा, पिशवीत जोडून लांब होणारी शोधकाठी आणि धातूचं फावडं हवं. थांबलेला लोंढा इतका आवळतो की प्लास्टिकचं फावडं मोडतं.

काठी गाडलेल्याच्या अंगाला लागली की ती तिथंच रोवून ठेवायची आणि उताराच्या खालच्या बाजूने, आडवं खणत जायचं. वर उभं राहून खणलं तर त्याच्या तोंडाजवळची हवेची पोकळी आपल्याच पायांनी दबते. पोहोचलात की आधी तोंड आणि नाकातला बर्फ काढा, छाती मोकळी करा, श्वास बघा. हातपाय नंतर.