खुर्चीचं भाडं

नमस्कार मंडळी. आपल्या सोलापुरात, चहाच्या गावात, आज कॉफीचा विषय काढलाय म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका, चहा घेत घेत ऐका, काय हरकत नाही.

तर झालंय असं की पार्क चौक म्हणा, सात रस्ता म्हणा, होटगी रोड म्हणा, जिकडं जावं तिकडं काचेची दारं, आत पिवळे दिवे, उंच स्टुलं आणि भिंतीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. काही दुकानं आपल्याच पोरांनी काढलीत, त्यांचं कौतुकच हाय. पण मोठ्या शहरांत आता साखळीवाल्यांचा जमाना आलाय, एकच नाव, एकच रंग, एकच मेनू, पुण्यात बघितलेला बोर्ड बेंगळुरात, तोच हैदराबादला, आणि तीच हवा हळूहळू आपल्यासारख्या शहरांकडं वळायलीय. आणि घराघरात वाक्य एकच, "दोनशे रुपयाची कॉफी? येडा झालास का बे?"

मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते, त्यामुळं असलं वाक्य ऐकलं की मला कागद-पेन घ्यावंसं वाटतं. बघू या की खरंच काय लागतं ते. दोनशे वीसची एक कॅपुचिनो धरा. डबल शॉट, म्हणजे मशीनवर काढलेल्या कडक कॉफीचं दुप्पट माप, म्हटला तर अठरा ग्रॅमच्या आसपास पावडर लागते, बी किलोला हजार-बाराशे धरली तरी वीसेक रुपये. दूध पाव लिटरच्या आत, म्हणजे बारा-पंधरा. कागदी ग्लास, झाकण, साखरेची पुडी, टिश्यू, धरा दहा. म्हणजे पन्नासच्या आत माल संपला. मग बाकीचे एकशे सत्तर गेले कुठं? ते गेले भाड्यात, एसीत, पोरापोरींच्या पगारात, लाखांच्या मशीनच्या हप्त्यात आणि अर्थात मालकाच्या खिशात. त्यात अजून एक गंमत, हॉटेलच्या बिलावर जीएसटी ५ टक्केच लागतो, पण हा ५ टक्केवाला हॉटेलचा गडी स्वतःच्या खर्चावर आधी भरलेला टॅक्स त्यातनं वजा करून घेऊ शकत नाही, आणि दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के असतो, तो पण शेवटी तुमच्या कपातच येऊन पडतो. थोडक्यात काय, तुम्ही कॉफीचे पन्नास देताय आणि बाकीचं खुर्चीचं भाडं.

आणि हे काही लपवाछपवीनं चाललेलं नाही बरं का, धंद्याची सुरुवातच तशी झालेली हाय. कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ साली बेंगळुरात ब्रिगेड रोडवर निघालं, तेव्हा शंभर रुपयात एक तास इंटरनेट आणि सोबत कॉफी असा मामला होता. शंभर रुपये त्या काळातले! म्हणजे विकायचा होता तो तास, कॉफी आपली सोबतीला. नंतर २०१२ च्या ऑक्टोबरात टाटांबरोबर अर्ध्या अर्ध्या भागीत अमेरिकेतलं स्टारबक्स आलं, मुंबईत हॉर्निमन सर्कलला, जुन्या दगडी इमारतीत, तेव्हा बाहेर रांगा लागल्या होत्या. त्या रांगा काय कॉफी कधी प्यायली नाही म्हणून नव्हत्या ओ, तिथं बसलेलं लोकांना दिसावं म्हणून होत्या.

आता आपल्याकडं या. सोलापुरात बसायला कधी पैसे पडले? जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, भोंगा झाला की पाळी सुटायची, आणि गेटासमोरच्या हॉटेलात, कॅन्टीनवर बाकं भरायची. एक चहा दोघांत, पेपर एक आणि वाचणारे सहा, वर मालक ओरडायचा नाही. युनियनच्या मीटिंगा तिथं, भांडणं तिथं, सोयरिकीपण तिथंच. मिली बंद पडल्या, भोंगा गेला, पण ती सवय काही गेली नाही, आजपण कन्ना चौकात, अशोक चौकात सकाळी जाऊन बघा, यंत्रमागावरनं रात्रपाळी करून आलेली माणसं कानात कापसाची धूळ घेऊन चहा पिताना दिसतील. दहा रुपयात तासभर. "काय करलालास बे?" "काय नाही, बसलोय." एवढ्यावर संभाषण चालू होतंय आणि बारा वाजले तरी संपत नाही.

छान चित्र हाय, मान्य. माझे वडील पण त्याच बाकावरचे. पण जरा नीट बघा की त्या बाकावर कोण कोण हाय. सगळे बाप्पे! विड्या वळणाऱ्या हजारो बायका या शहरात हायत, वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परत जाताना त्यातली एक तरी कधी कॅन्टीनवर टेकून चहा पिताना बघितली का तुम्ही? मी तरी नाही बघितली. तिला उभ्यानं प्यायला पण कसंतरी वाटतंय, चार नजरा लगेच वळतात. ज्या फुकटच्या बसण्याचं आपण एवढं कौतुक करतो ते अर्ध्या गावालाच फुकट होतं, हे आधी कबूल करा, मग कॉफीवाल्याला शिव्या घाला.

नवी पेठेत लग्नाचा बस्ता काढायला आलेली बाई घ्या. अक्कलकोटनं आलीय, मोहोळनं आलीय, सोबत सासू, नणंद, एक लहान पोर. मे महिना, पारा त्रेचाळीसला टेकलाय. साड्यांच्या दुकानात तीन तास गेले, आता पाच मिनिटं बसायचंय, पोराला दूध पाजायचंय, आणि खरं सांगायचं तर बाथरूमला जायचंय. कुठं जाणार? दुकानदार चांगला असला तर मागचं दार दाखवतोय, नाहीतर बायका सरळ पाणीच पीत नाहीत दिवसभर, मग रात्री डोकं धरून बसतात. हे बोलायचं नसतं रेडिओवर, पण मी बोलणार. अशा वेळी ते काचेचं दार, आत एसी, स्वच्छ बाथरूम, कुणी "काय पाहिजे" म्हणून अंगावर येत नाही, त्याचे दोनशे रुपये महाग की स्वस्त हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या ओळखीतल्या कॉलेजच्या पोरी तर चौघीत दोन कॉफी घेऊन सीएच्या परीक्षेचा अभ्यास करत बसतात. घरात एकच खोली, टीव्ही चालू, शेजारी माग खडखडतोय, तिथं कसला अभ्यास होणार?

आणि बघायचे कार्यक्रम! हा तर मोठाच बदल हाय. पूर्वी पोह्यांची बशी घेऊन मुलगी बाहेर यायची, समोर अकरा माणसं, प्रश्न काय तर "स्वयंपाक येतो का", मुलगा वर बघायचा नाही, मुलगी खाली बघायची, आणि तेवढ्यावर आयुष्याचा निकाल. परवा माझ्या भाचीचं ठरलं कॉफीशॉपमध्ये भेटायचं. मुलगा हिंजवडीत कामाला, सुट्टीला हुतात्मा एक्सप्रेसनं आलेला. ते दोघं खिडकीजवळ, आणि मी आणि माझी बहीण चार टेबलं सोडून, आपण त्यातले नाहीच असं दाखवत. काउंटरवरच्या पोरीनं बहिणीला नाव विचारलं, ही म्हणाली "शकुंतला, पण नाव कशाला पाहिजे? आधार कार्ड पण देऊ का?" ती पोरगी हसली आणि कपावर "शकू" लिहून मोकळी झाली. घरात पन्नास वर्षांत कुणी शकू म्हटलं नसेल, बहिणीनं तो कागदी कप घरी आणलाय धुऊन! असो. ते दोघं दीड तास बोलले, पगार, आईवडील, स्वयंपाक कोण करणार, सगळं. बिल दोघांनी अर्धं अर्धं दिलं. आणि घरी आल्यावर भाची म्हणाली, "चांगलाय, पण बोलताना सारखा फोन बघतोय, नको." झालं, विषय संपला. पोह्यांच्या कार्यक्रमात हे तिला कळलं असतं का? लग्नानंतर कळलं असतं.

म्हणजे मी काय कंपन्यांची बाजू घेऊन बोललाले असं समजू नका. अडचण कुठं हाय ते आता सांगते. ही बसायची जागा कंपनीनं दिलेली हाय, आणि दिलेली वस्तू ती कधी पण काढून घेऊ शकते. अमेरिकेत स्टारबक्सचं बघा. २०१८ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात दोन काळे तरुण कुणाची तरी वाट बघत नुसते बसले होते, काही घेतलं नव्हतं, तर मॅनेजरनं पोलीस बोलावून त्यांना अटक करवली. मोठा बोभाटा झाला, कंपनीनं माफी मागितली आणि पुढच्याच महिन्यात जाहीर केलं की काही न घेता पण बसा, बाथरूम वापरा. किती छान ना? २०२५ च्या जानेवारीत तोच नियम मागं घेतला, बसायचं तर काहीतरी विकत घ्या. सात वर्षांची पण मजा नाही. धंदा मंदावला की आधी खुर्चीच आखडते.

दुसरी गोष्ट भाड्याची. समजा बाजारपेठेतल्या एका कोपऱ्यावरच्या गाळ्याला साखळीवाल्यानं डबल भाडं कबूल केलं. त्याला परवडतंय, कारण तो एका दुकानाचा हिशेब बघतच नाही, शंभर दुकानांचा बघतोय, नवीन शहरात दोन-तीन वर्षं तोटा सोसायची त्याची तयारी असते. पण शेजारच्या गाळ्याच्या मालकाच्या कानावर ते भाडं गेलं की त्याच्या डोक्यात किडा शिरला. मग तिथला तीस वर्षांचा टॉवेल-चादरीचा दुकानदार, उडपी हॉटेलवाला, झेरॉक्सवाला, सगळ्यांना करार नवा करताना तोच आकडा ऐकायला मिळतोय. कॉफीवाल्याचा धंदा बसला तर तो बोर्ड उतरवून जाईल, भाडं मात्र खाली येत नाही. आमच्या ऑफिसात असे करार येतात, म्हणून बोलतेय.

आणि धंदा बसत नाही असं पण नाही बरं का. कॅफे कॉफी डेची एके काळी देशात सतराशेच्या घरात दुकानं होती, चिकमंगळूरला स्वतःचे मळे होते. पण कर्जाचा डोंगर झाला, २०१९ च्या जुलैत मालक व्ही. जी. सिद्धार्थ गेले, नेत्रावती नदीत त्यांचा मृतदेह सापडला, आणि नंतर दुकानं निम्म्याहून कितीतरी कमी झाली. ऑस्ट्रेलियात तर अजून मजा. स्टारबक्स तिथं २००० साली गेलं, भराभरा ८४ दुकानं काढली आणि २००८ ला त्यातली ६१ एका झटक्यात बंद केली. कारण तिथं इटलीतनं, ग्रीसमधनं जाऊन राहिलेल्या लोकांनी गल्लोगल्ली आधीच चांगली कॉफी करून ठेवली होती, गिऱ्हाइकाचं नाव त्यांना कपावर लिहावं लागत नव्हतं, तोंडपाठ होतं.

हे ऑस्ट्रेलियाचं मुद्दाम सांगितलं. आपण पण काय कॉफीला परके नाही. देशातली सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते, आणि कर्नाटक आपल्या दाराशी, विजयपूरची एसटी पकडली की झालं. उडपी हॉटेलात स्टीलच्या पेल्यातली फेसाळ कॉफी आपण लहानपणापासून बघतोय. तीच कॉफी, चिकोरी म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड घातलेली, वरनं खाली ओतून गार केलेली, चाळीस रुपयात चार खुर्च्या, एक पंखा आणि धड बाथरूम देऊन कुणी विकली तर या शहरात चालणार नाही का? चालेल की! आणि एकट्या मालकानंच काढावं असं पण नाही. १९५७ साली सरकारी कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कामावरनं निघालेल्या लोकांनी कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं सहकारी संस्था काढल्या आणि ती हॉटेलं स्वतः चालवायला घेतली, इंडियन कॉफी हाउस म्हणून ती आजपण चालू हायत. सहकार म्हटलं की आपल्या जिल्ह्याला काय शिकवायला नको, साखर कारखाने काढले, सूतगिरण्या काढल्या, बँका काढल्या, काही बुडवल्या पण. महिला बचतगटांनी शेंगा चटणी आणि कडक भाकरी देशभर पोचवलीच हाय, त्यांना नवी पेठेच्या आसपास एक गाळा वाजवी भाड्यानं द्या, महापालिकेकडं गाळे काय कमी हायत का?

आणि महापालिकेचा विषय निघालाच हाय तर, स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत २०१६ साली आपलं नाव होतं, वीस शहरांत. रस्ते झाले, दिवे झाले. सावलीतली बाकं किती झाली? बायकांना जाता येईल, आत पाणी असेल आणि दाराला कडी असेल अशी बाथरूमं बाजारात किती? सिद्धेश्वर तलावाकाठी, कंबर तलावाकडं (नाव बदललं तरी आपण कंबर तलावच म्हणणार) संध्याकाळी लोक बसतात, छान, पण दुपारी बाराला बाजारात टेकायला जागा पाहिजे, ती तिकडं नाही. ती जागा आज तुम्ही दोनशेला विकत घेताय.

बरं, जाणार असालच तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अमेरिकानो म्हणजे नुसती काळी कॉफी, गरम पाणी घातलेली, दूध नसतंय, नाव भारी वाटलं म्हणून मागवून तोंड वाकडं करू नका. आणि कुठल्याही हॉटेलात, बिलात जीएसटीच्या वर सर्व्हिस चार्ज म्हणून वेगळी ओळ दिसली तर ती सक्तीची नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ लाच तसं सांगितलंय आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलंय. काउंटरवर शांतपणे सांगा, हे काढा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, हिंदीत बोलायची गरज नाही, मराठीतपण बोलतात.