ब्रुकलिनमधली लेझीम

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी आपल्याशी न्यूयॉर्क शहरातल्या एका आधुनिक नृत्यसंस्थेविषयी बोलणार आहे. तिचे नाव मार्क मॉरिस डान्स ग्रुप. नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिस यांनी ही संस्था १९८० साली स्थापन केली आणि २००१ साली ब्रुकलिन भागात तिची स्वतःची वास्तू उभी राहिली. त्याच वर्षी तिथे कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांसाठी नृत्याचा वर्ग सुरू झाला. जगभर गाजणारे प्रयोग आणि हा वर्ग या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून फुटल्या आहेत, असे मला मनापासून वाटते.

आधी प्रयोगांविषयी. मॉरिस मूळचे सिएटलचे. किशोरवयात ते बाल्कन प्रदेशातली लोकनृत्ये करणाऱ्या एका समूहात नाचत असत, आणि हात धरून, फेर धरून नाचण्याचा तो संस्कार त्यांच्या रचनांमध्ये पुढेही टिकून राहिला. १९८८ साली ब्रुसेल्स इथे त्यांनी अठराव्या शतकातले युरोपीय संगीतकार हेंडेल यांच्या संगीतावर 'लालेग्रो' ही दोन अंकी रचना सादर केली. तिच्यात चोवीस नर्तक चालतात, धावतात, रांगा करतात, फेर धरतात, आणि एवढ्या साध्या पावलांतून रंगमंच भरून जातो. आपल्या संगीतावरही त्यांचा जीव आहे. त्यागराजांच्या 'ओ रंगशायी' या कृतीवर ते १९८४ साली एकटे नाचले आणि २००२ सालच्या 'कोलम' या रचनेसाठी झाकीर हुसेन यांचे संगीत घेतले.

या संस्थेचा एक कटाक्ष आहे: नृत्याला साथ जिवंत वाद्यवृंदाचीच हवी. त्यासाठी १९९६ सालापासून संस्थेने स्वतःचा वाद्यवृंद बाळगला आहे. जाता जाता सांगते, आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतून पेटी आणि ढोलकी हद्दपार होऊन तिथे ध्वनिमुद्रित गाणी आली, ही मला फार मोठी हानी वाटते. मूल चुकले तर ढोलकीवाला त्याला सांभाळून घेतो. मुद्रित गाणे कोणासाठी थांबत नाही. जिवंत वादक नाचणाऱ्यासाठी थांबतो, हे श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता वर्गाविषयी. ब्रुकलिनमधल्या कंपवात-रुग्णांच्या एका मंडळाच्या प्रमुख ऑली वेस्टहायमर यांनी संस्थेपुढे एक विचार मांडला. कंपवातात हालचालींना लागणारे मेंदूतले डोपामिन हे रसायन कमी होते आणि चालणे, वळणे, उठणे या आपोआप होणाऱ्या हालचाली आपोआप होईनाशा होतात. प्रत्येक पाऊल जाणीवपूर्वक टाकावे लागते. नर्तकही पाऊल जाणीवपूर्वकच टाकतो. ताल धरून, नजर ठरवून, मनात चित्र उभे करून हालचाल कशी करावी हे त्याला ठाऊक असते. मग हे ज्ञान त्याने रुग्णांना का देऊ नये? मात्र हा वर्ग नृत्याचाच असावा, उपचाराचा असू नये, असा त्यांचा आग्रह होता. डेव्हिड लेव्हेंथाल आणि जॉन हेगिनबोथम या संस्थेच्या नर्तकांनी मूठभर लोकांना घेऊन सुरुवात केली, आणि आज अशा पद्धतीचे वर्ग पंचवीसहून अधिक देशांत चालतात. पुण्यातही समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांना नृत्य शिकवले आहे. पुन्हा सांगते, हा नृत्याचा वर्ग आहे. तिथे येणाऱ्याला रुग्ण म्हणत नाहीत, नर्तक म्हणतात.

हे मला कोणी सांगितले नसून मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझी थोरली बहीण आणि दाजी क्वीन्स भागात राहतात. दाजी मूळचे सातारा जिल्ह्यातले, पेशाने स्थापत्य अभियंता. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आले की त्यांचे पाय जमिनीला खिळून राहत. वरचे शरीर पुढे झुके, पाय मात्र हलत नसत. पूर्वी घर दणाणून सोडणारा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की जेवताना पाणी हवे असले तरी अक्का त्यांच्या ओठांकडे पाहून ओळखत असे. दाजी मला म्हणाले, "बुधवारी माझ्याबरोबर चला, मी नाचायला जातो." मी अक्काकडे पाहिले. ती पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "खरंच जातात गं."

मोठ्या दालनात खुर्च्या वर्तुळाकार मांडल्या होत्या आणि कोपऱ्यात पियानोवादक बसला होता. तीसएक माणसे असतील. शिक्षकांनी सांगितले की प्रत्येकाने आपले नाव घेऊन एक हालचाल करावी आणि बाकीच्यांनी ती तशीच करून दाखवावी. एका गृहस्थांनी पोहण्याचे हात मारले, एका बाईंनी इस्त्री फिरवली, आणि प्रत्येक वेळी सारे वर्तुळ पोहले, साऱ्या वर्तुळाने इस्त्री केली.

मग दाजींची पाळी आली. ते मांडीकडे पाहत राहिले. पियानोवादकाने वाजवणे थांबवले. कोणीही त्यांना घाई केली नाही. मला राहवेना, त्यांच्या वतीने त्यांचे नाव सांगावे म्हणून मी पुढे झुकले, तोच अक्काने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थोपवले. दाजींनी बारीक आवाजात आपले नाव सांगितले. मग दोन मुठी छातीशी आणल्या, एक खाली झुकवली, वर आणली, उघडली, मिटली. एक, दोन, तीन, चार. मी क्षणभर गोंधळले आणि मग मला कळले. शाळेच्या मैदानावर आम्ही सगळ्यांनी केलेले ते लेझमीचे 'चार आवाज' होते!

तीस माणसांनी बसल्या जागी, हातात लेझीम नसताना, लेझीम केली. दुसऱ्या आवर्तनाला पियानोवादकाच्या डाव्या हाताने तो ठेका उचलला. तिसऱ्या आवर्तनाला दाजी अडखळले, तेव्हा त्याने ठेका तेवढाच लांबवला, आणि ते पुन्हा जागेवर येताच त्यांच्यासह पुढे गेला. वर्गाच्या अखेरीस जोडीने दालन ओलांडायचे असते. शिक्षकांनी त्यासाठी तोच ठेका मागितला. स्वयंपाकघराच्या दारात खिळणारे माझे दाजी अक्काचा हात धरून, चाराच्या मोजणीत, ते दालन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून गेले.

यावरून आजार बरा झाला असे कोणी समजू नये. तासाभराने आम्ही भुयारी रेल्वेच्या फलाटावर आलो, गाडी आली, दार उघडले आणि दाजींचे पाय खिळले. दार मिटले, गाडी निघून गेली. अक्काने त्यांना ओढले नाही. आम्ही तिघे तिथेच उभे राहिलो. पुढची गाडी येऊन थांबली, तेव्हा अक्का त्यांच्या कानाशी म्हणाली, "अहो, चार आवाज," आणि मोजू लागली. चौथ्या आकड्याला दाजींचा उजवा पाय डब्यात पडला.

नमस्कार.