मालक कोण आहे इथं?

[दृश्य: पहाट. दिंडोरी रोड. धुक्यात पिकअपचे हेडलाइट.]

ही फिल्म नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनीच काढलेल्या एका द्राक्ष कंपनीची. फेब्रुवारी महिना, पहाटेचे साडेपाच. पिकअपमध्ये मागं दाटीवाटीनं बसलेल्या बाया पेठ-सुरगाण्याकडच्या, द्राक्षाचा सिझन लागला की इकडं येतात. ऊन चढायच्या आत माल तोडावा लागतो, गरम झालेला मणी पेटीत गेला की पुढं थंड करायला वेळ लागतो, देठ सुकतात, म्हणून एवढ्या थंडीत ही घाई.

[बागेच्या तोंडाशी पाटी, क्लोजअप]

पाटीवर प्लॉटचा नंबर आहे बघा. युरोपला एक्स्पोर्ट करणाऱ्या प्रत्येक बागेची नोंद ग्रेपनेटवर होते, म्हणजे अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ऑनलाइन नोंदवहीत, मग तिकडं युरोपात कोणी डबा उघडला आणि काही गडबड निघाली तर लेबलवरून थेट याच बांधावर येऊन पोचता येतं. कोणाची बाग, कधी कुठली फवारणी, सगळं.

2010 ला काय झालं ते द्राक्षवाल्याला विचारा, अजून सांगतो. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला सीसीसी वापरायचे, क्लोरमेक्वाट क्लोराइड, इकडं लिहोसिन म्हणून माहीत. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, आणि युरोपवाल्यांनी नेमकं तेच शोधलं. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला. ज्यानं मापात वापरलं तो पण गेला आणि ज्यानं डोळे झाकून मारलं तो पण, कारण तिकडच्या गिऱ्हाईकाला सगळेच 'इंडियन ग्रेप्स'.

पुढच्याच वर्षी, 2011 ला, दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी, उभी राहिली, आज देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत तिचं नाव आहे. तिचं बघून मग गावोगाव 'आपण पण कंपनी काढू' सुरू झालं. आम्ही शूट केलेली कंपनी ती नाही, ही बारकी आहे, नाव टाकू नका म्हणाले, नाही टाकत.

[दृश्य: ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम केलेलं नोंदणी सर्टिफिकेट]

आता हा कागद जरा समजून घ्या, कारण सगळी भांडणं याच्यातूनच निघतात. सोसायटी आपल्याला माहितीये, 1960 चा सहकार कायदा, निबंधक, आणि संचालक मंडळ बरखास्त झालं की येणारे प्रशासक. प्रोड्युसर कंपनी वेगळी. 2002 ला कंपनी कायदा बदलून तिची सोय केली, त्याच्या आधी वाय. के. अलघ यांची समिती होती. किमान 10 उत्पादक लागतात, संचालक 5 ते 15, आणि शेअर कितीही घ्या, मत माणशी एकच. वीस एकरवाल्याला एक, पाऊण एकरवाल्याला पण एक. बाहेरचा शेठ पैसे घेऊन आला तरी सभासद होऊ शकत नाही, तिथं शेती करणाराच पाहिजे.

एक कलम मला फार आवडतं. कंपनीचा मुख्य अधिकारी पूर्णवेळ पाहिजे, आणि तो सभासदांपैकी नसला पाहिजे. म्हणजे मालक सगळे शेतकरी, पण रोजचा कारभार बाहेरून पगारावर आणलेल्या माणसाकडं. इथला सीईओ एकतीस वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी सभासद त्याला 'ए पोरा' म्हणायचे, आता साहेब म्हणतात, पण पाठीमागं अजून पोरगाच!

[दृश्य: ऑफिसच्या दाराबाहेर चपला, बराच वेळ]

संचालकांची मीटिंग शूट करू दिली नाही, म्हणून चपला दाखवतोय. आतून आवाज येत होते, मोठे होते. विषय पैशाचा. व्यापारी बागेत येऊन भाव बोलतो, इसार देतो, बाकीचे चेक नंतर, आणि कधीकधी व्यापारीच गायब होतो, नाशिक जिल्ह्यात असा एखाद्याला तरी गंडा बसलेला नाही असं गाव दाखवा. कंपनीत बुडायची भीती कमी, पण माल दिला की मंडळ ठरवेल तेवढीच रक्कम आधी मिळते, उरलेली मागून, कायद्यातच तशी तरतूद आहे. वर्षाच्या शेवटी नफा राहिला तर ज्यानं जितका माल घातला त्या हिशोबानं बोनस. कागदावर हे झकास दिसतं हो. पण औषधाच्या दुकानाची उधारी मार्चलाच फेडायची असते, त्याला 'मागून' कसं सांगणार.

[दृश्य: पॅकहाऊस. ग्रेडिंगचं टेबल. हे पूर्ण ठेवायचं, कट नको.]

हे बघा. टेबलाशी उभी असलेली मुलगी क्यूसीला आहे, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला. हातात रिंग, अठरा मिलीमीटरची, मणी त्याच्यातून खाली पडला तर बारीक. दुसऱ्या हातात रिफ्रॅक्टोमीटर, दोन थेंब रस टाकला की गोडी कळते. क्रेटवरच्या चिठ्ठीवर प्लॉट नंबर आहे, नाव नाही. नाव मुद्दाम काढलं, दोन वर्षांपूर्वी, सीईओच्या हट्टापायी, तेव्हा केवढा गोंधळ झाला होता म्हणे, 'आमच्या मालावर आमचं नाव नको?' पण नंबर काय, सगळ्यांना पाठ असतात, इथं कोणाचा प्लॉट कुठला हे शेंबडं पोर पण सांगेल.

तर हे क्रेट कंपनीच्या अध्यक्षांचे. तिला माहितीये. ते स्वतः मागं उभे आहेत, पांढरा शर्ट, दिसतील आता.

ती रिंग लावते. परत लावते. दुसरा घड घेते.

[पॉज. निवेदन नाही. पंख्याचा आवाज राहू द्या.]

अकरा क्रेट बाजूला निघाले. अध्यक्ष काही म्हणाले, माईकमध्ये आलं नाही, ती मान खाली घालून लिहीत राहिली. बाकीच्या बायांचे हात चालू आहेत पण नजरा बघा कुठं आहेत. मग त्यांनीच क्रेट उचलले, ड्रायव्हरला हाक मारली, 'लोकलला टाक.' मी कॅमेऱ्याच्या मागं होतो, खरं सांगतो, कट म्हणायचं विसरलो. याच मंडळात आधी संचालकाचा माल न बघताच पास व्हायचा, सगळेच सांगतात. नियम तेव्हाही होता, भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला.

हा बदल सगळ्यांना झेपला नाही. बारीक बागवाले काही जण सोडून गेले, परत व्यापाऱ्याला माल देतात. पॅकहाऊसच्या बाया सभासद नाहीत, त्यांना मत नाही, बोनस नाही, सिझनपुरतं काम.

[दृश्य: सप्टेंबर. वार्षिक सभा. मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागं मसालेभाताची पातेली.]

एक चतुर्थांश सभासद आल्याशिवाय सभा चालत नाही, म्हणून जेवण. पाऊस होता तरी माणसं आली. ताळेबंद वाचेपर्यंत निम्मे मोबाईलमध्ये, आणि मग मागच्या खुर्चीवरून एक नाना उठले, सीईओला अजून ठेवायचा का यावर आत्ताच हात वर करून घ्या म्हणाले. खरं तर नेमणूक मंडळानं करायची असते, पण सभेत तेवढं कोण ऐकतंय! एकदम सगळे जागे. अध्यक्ष माईकपाशी गेले, म्हणाले, घ्या, मोजा.

हात वर जायला लागले आणि आमची बॅटरी गेली.

साहेब अजून आहेत. ऑक्टोबर छाटणीच्या तारखा त्यांनीच ग्रुपवर टाकल्यात.