दारूच्या आधीचं नाटक

(सावनेर तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, राम गणेश गडकरी आपल्या सावनेरात गेले, हे इकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तारीख २३ जानेवारी १९१९, वय अवघं ३३. पुढं महिनाभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. म्हणजे लिहिणाऱ्यानं हे नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही. त्यातली पदंही त्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची.

दारूबंदीचा कार्यक्रम ठरला की आपल्याला या नाटकातलं जोडपं, सुधाकर-सिंधू आठवतं. विदर्भात ते साहजिकच आहे. वर्ध्यात १९७४ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून; चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. बाटली आडवी करायला, म्हणजे गावातली दारू बंद करायला, मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायाही आपल्याला नवीन नाहीत. पण मी आज दारूवर बोलायला आलो नाही. माझ्या मते हे नाटक आधी एका लग्नाचं आहे.

सुधाकर हुशार वकील. मुन्सफाशी, म्हणजे कोर्टातल्या न्यायाधीशाशी, त्याचं वाजतं आणि वकिलीची सनद काही काळापुरती जाते. हा अपमान त्याला गिळवत नाही, तेवढ्यात तळीराम प्याला पुढं करतो. दारू नंतर आली, ताठा आधीचा. तोच ताठा घरात शिरतो: माहेरची पै घ्यायची नाही! आणि सिंधू ते अक्षरशः पाळते. माहेर खातंपितं, पाठीशी पद्माकरासारखा भाऊ, तरी ही बाई लोकांचं दळण दळून पोर जगवते. याला आपण शंभर वर्षं पातिव्रत्य म्हणून टाळ्या दिल्या. मला त्या घरात दोन हट्ट दिसतात, एक पिण्याचा, एक सोसण्याचा. दोन्ही हट्टांचं बिल त्या तान्ह्या पोरानं भरलं. बापाच्या काठीनं ते जातं.

बालगंधर्व सिंधू होऊन ‘कशि या त्यजूं पदाला’ गायचे, त्याबद्दल आपल्या आजोबा-पणजोबांनी भरभरून सांगून ठेवलंय. खोटं नसणार ते. पण गाणं एवढं गोड झालं की समोर उपाशी बसलेली बाई दिसेनाशी होते. संगीत नाटकाची ही जुनी गोची आहे, गाणाऱ्यांनी राग मानू नये.

शेवटी सिंधूही मरणाच्या दारात आहे. पोलीस येतात, आणि ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. आत्ता मी ही गोष्ट सांगत होतो तेव्हा मागच्या सतरंजीवरून एक आजी म्हणाल्या, “पोलिसाले खोटं काऊन सांगतलं बा तिनं?” बाजूच्या दोघीतिघी हसल्या. आजी हसल्या नाहीत.

तो काळच तसा होता, असं म्हणून मला सुटता येईल. पण आजी, त्याच काळात, त्याच नाटकात गीता आहे! तळीरामाची बायको. तिचाही नवरा पितोच, पण ती तोंड मिटून बसत नाही, त्याला चांगलं फैलावर घेते. गडकऱ्यांनी रडण्याचं काम नायिकेला दिलं आणि खरं बोलण्याचं काम विनोदी पात्राला. म्हणून प्रेक्षक गीतेला हसून मोकळे होतात आणि सिंधूसाठी रुमाल काढतात. माझं ऐकाल तर गीतेची भाषणं एकदा अगदी गंभीरपणे, हशाची वाट न पाहता म्हणून बघा. पूर्वेकडं झाडीपट्टीत धान निघालं की रात्र रात्र नाटकं चालतात, तिथल्या एखाद्या कंपनीनं हे करून बघावं अशी माझी फार इच्छा आहे. विनोद थोडा कमी होईल, होऊ दे.

आज निदान वाचन तरी होईल. शाळेतल्या दोन ताई गीतेचा भाग वाचणार आहेत. माईक तिकडं द्या. आजी, मागं नीट ऐकू येणार नाही, तुम्ही पुढं येऊन बसा.