पाच रेघांच्या तोंडाशी

श्रोतेहो, नमस्कार. आज पाश्चात्त्य स्वरलेखनातली की सिग्नेचर समजून घ्यायचीय, म्हणून पेटी घेऊनच बसलोय. तुमच्या घरी पेटी किंवा कीबोर्ड असेल तर जवळ ओढा.

दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पट्टी ती पांढरी एक; तिथून पांढऱ्या एक ते सात आणि काळ्या एक ते पाच मोजायच्या. पांढरी एकपासून ओळीनं पांढऱ्या पट्ट्या वाजवतो. (वाजवून) सा रे ग म प ध नी सा. आपला बिलावल थाट, म्हणजे सात स्वरांचा साचा, इथे सगळे शुद्ध. पाश्चात्त्यांचं सी मेजर स्केल. आता पट्ट्यांकडे बघा. बहुतेक दोन पांढऱ्यांमध्ये एक काळी आहे. ग आणि म यांच्यामध्ये मात्र नाही, नी आणि वरच्या सा यांच्यामध्येही नाही. हे दोन जोड सख्खे शेजारी, बाकीचे एक घर सोडून. अंतरांची ही ठेवण सांभाळली की कुठूनही मेजर निघतं.

सा पांढरी पाचवर नेऊ. पाच, सहा, सात, एक, दोन, तीन... आणि नी? (पांढरी चार दाबून) हा तर कोमल, म्हणजे एक पट्टी खालचा, लागला, आपण खमाज थाटात शिरलो! शुद्ध नी हवा तर काळी तीन. (वाजवून) झालं जी मेजर, एका शार्पचं, म्हणजे एका चढवलेल्या स्वराचं. पुन्हा पंचमाला सा धरा, म्हणजे पांढरी दोन: काळी तीन राहते आणि निषादासाठी काळी एक येते. दोन शार्प. उलट पांढरी एकच्या मध्यमावर, म्हणजे पांढरी चारवर, सा नेलात तर नवा मध्यम काळी पाचवर पडतो. तो फ्लॅट, म्हणजे उतरवलेला.

आपल्याला हे कागदावर मांडावं लागत नाही. भातखंड्यांच्या स्वरलिपीतला ग हा गाणाऱ्याच्या षड्जापासूनचा ग. बुवा काळी एकमध्ये गावोत की बाई काळी पाचमध्ये, कागद तोच. पाश्चात्त्यांच्या पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमधली प्रत्येक जागा मात्र ठरावीक पट्टीला बांधलेली, म्हणून ओळीच्या तोंडाशीच शार्प-फ्लॅट मांडून ठेवायचे: एफ, म्हणजे पांढरी चार, येईल तिथे काळी तीन दाब. हीच की सिग्नेचर. मला विचाराल तर आपली सोय जास्त सुटसुटीत. पण साठ वादक एकत्र बसले की त्यांची पद्धत कामाला येते.

आता मायनर. पट्ट्या पुन्हा सगळ्या पांढऱ्या, पण सा पांढरी सहावर. (वाजवून) ग, ध, नी कोमल झाले. हा आसावरी थाट, त्यांचं ए मायनर. मूर्च्छना, म्हणजे त्याच पट्ट्यांवर सा सरकवणं, जाणणाऱ्यांना यात नवल नाही. पण की सिग्नेचर सी मेजरचीच, म्हणजे कोरी! मग ओळखायचं कसं? चाल कुठे विसावते ते ऐका. आणि सा गाठताना मायनरवाले बऱ्याचदा नी शुद्ध करतात, इथे काळी चार. तो शार्प सिग्नेचरमध्ये नसतो, त्या त्या स्वराशेजारी लिहितात. (वाजवून) आपल्या कानाला कीरवाणी राग.

मेजर आनंदी, मायनर उदास हे समीकरण मला फारसं पटत नाही. तरी दोन्ही समोरासमोर ठेवले की फरक अंगावर येतो. बीथोव्हनची पाचवी सिंफनी, 1808 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेली, सी मायनरमध्ये सुरू होते. सिग्नेचरला तीन फ्लॅट. तिसऱ्या भागातून चौथ्यात ती न थांबता शिरते आणि तिथे तिन्ही फ्लॅट गळतात. सा जागेवरच, ग, ध, नी तेवढे वर चढलेले.

तोच सांधा आता ऐकू या.