थांबलेली गाडी का थांबली?

श्रोतेहो, नमस्कार.

रोलरकोस्टरची गाडी पहिला चढ चढत असते, तेव्हा खालून एकसारखा आवाज येतो. खट, खट, खट, खट. बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो निम्मा या आवाजानेच. पुष्कळांना वाटतं साखळी कुरकुरतेय. पण आवाज साखळीचा नाही. गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी खटका असतो आणि चढाच्या मधोमध दातेरी पट्टी. गाडी वर सरकते तसा तो खटका एकेका दात्यावरून उचलला जातो आणि पुढच्या खाचेत पडतो. साखळी तुटली, वीज गेली, मोटार जळली, तरी गाडी एका दात्यापलीकडे मागे येत नाही. हल्ली काही ठिकाणी हा खटका चुंबकाने उचलून धरतात, म्हणून चढ मुकाट पार होतो. खटका मात्र तिथेही असतोच.

आज बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल, थांबण्याबद्दल. कारण रोलरकोस्टर पळवणं त्यामानाने सोपं आहे. गाडीला इंजिन नसतं. साखळीने एकदा वर नेऊन सोडली की उतार तिला पळवतो. खरी अक्कल लागते ती तिला हव्या त्या जागी, हवी तेव्हा थांबवायला.

चाकांचं थोडक्यात सांगते. एका ठिकाणी तीन प्रकारची चाकं असतात. रुळावर चालणारी, रुळाच्या बाजूला टेकणारी आणि रुळाच्या खालून धरणारी. खालच्या चाकांमुळे गाडी टेकाडावरून उडत नाही. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने 1919 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजही तीच पद्धत आहे. चाकांवर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका चिवट प्लॅस्टिकचा जाड थर असतो. तो झिजतो, सोलतो, म्हणून चाकं ठरावीक तासांनी बदलतात.

आता ब्रेक. आपल्या घराचं जाळीचं दार असतं ना, स्प्रिंगचं? उघडं ठेवायचं तर हाताने धरून ठेवावं लागतं. हात सोडला की दार बंद. रोलरकोस्टरचा दाबाच्या हवेवर चालणारा ब्रेक तसाच आहे. तो स्प्रिंगने मिटलेला असतो, हवा त्याला उघडा धरून ठेवते. कॉम्प्रेसर बंद पडला, नळी फुटली, तर ब्रेक सुटत नाही, उलट घट्ट मिटतो. ट्रक चालवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. हवा उतरली की गाडी जागची हलत नाही. पुन्हा सांगते, बिघाड झाला तर ब्रेक लागतो, सुटत नाही.

आणि तिसरी गोष्ट, ब्लॉक. रविवारचा मेगाब्लॉक नव्हे बरं का! लोकल दोन स्टेशनांच्या मधेच का थांबते? पुढे लाल सिग्नल असतो म्हणून. रुळाचे तुकडे पाडलेले असतात आणि पुढच्या तुकड्यात गाडी असेल तर मागच्या गाडीला आत सोडत नाहीत. रोलरकोस्टरचंही अगदी तसंच. मार्गाचे तुकडे पाडतात, त्या प्रत्येक तुकड्याला ब्लॉक म्हणतात, आणि प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी थांबवता येईल अशी जागा ठेवतात. कुठे ब्रेक, कुठे चढाची साखळी, कुठे स्टेशन. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. म्हणून ब्लॉक जितके, त्याहून गाड्या निदान एकने कमी. सहा ब्लॉक असतील तर पाच गाड्या, सहावी नाही. एक ब्लॉक मोकळा असेल तरच कोणाला तरी पुढे सरकता येईल.

गाडी कुठे आहे हे संगणकाला कळतं ते रुळालगतच्या सेन्सरवरून. गाडी ब्लॉकमध्ये शिरल्याची नोंद झाली आणि बाहेर पडल्याची झाली नाही, तर संगणकाच्या लेखी ती गाडी आतच आहे. मग मागची गाडी तो सोडत नाही. कितीही बटणं दाबा, सोडत नाही.

हे एवढं लक्षात ठेवा. आता जी हकिकत सांगणार आहे, ती सगळी यावरच फिरते.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात आल्टन टॉवर्स नावाचा मोठा पार्क आहे. तिथे 2013 मध्ये 'द स्मायलर' नावाची रोलरकोस्टर सुरू झाली. जर्मनीच्या गेर्स्टलाउअर कंपनीने बांधलेली. एका फेरीत माणूस 14 वेळा उलटा होतो, हा जागतिक विक्रम. एका गाडीत 16 माणसं, चारच्या चार रांगा.

तारीख 2 जून 2015, मंगळवार. इंग्लंडात शाळांना सुट्टी नसली तरी पार्कात गर्दी बरी होती. सकाळी चार गाड्या फिरत होत्या. रांग वाढली, तेव्हा पाचवी गाडी रुळावर आणली गेली. यात गैर काही नाही, ती राइड पाच गाड्यांसाठीच बांधलेली. पण पाचवी गाडी आली आहे ही गोष्ट नंतर दुरुस्तीला आलेल्या सगळ्यांपर्यंत पोहोचली नाही. हा पहिला धागा.

दुसरा धागा वाऱ्याचा. त्या दिवशी वारा सुटला होता. झोत ताशी सुमारे 45 मैलांपर्यंत जात होते आणि बांधणाऱ्या कंपनीची मर्यादा होती 34 मैलांची.

दुपारी राइडमध्ये बिघाड दाखवला. इंजिनिअर आले, दुरुस्ती झाली. आता खात्री करायची म्हणून एक रिकामी गाडी चाचणीला सोडली. रिकामी, बरं का. हे नीट ऐका. भरलेली गाडी जड असते. 16 माणसं म्हणजे एक टनाहून जास्त वजन. उतार जड गाडीला आणि हलक्या गाडीला सारखाच पळवतो, पण वारा हलक्या गाडीला जास्त अडवतो. सीझनचा चेंडू वाऱ्यातून आरपार जातो, प्लॅस्टिकचा चेंडू मधेच अडखळतो, तसंच. रिकामी गाडी एका उलट्या वळणाच्या चढात पोहोचली, तिथे तिचा जोर संपला. ती पुढे गेली नाही. मागे घरंगळली आणि खोलगट भागात थांबली.

आता संगणकाने काय केलं? त्याचं काम केलं. त्या ब्लॉकमध्ये गाडी शिरली, बाहेर पडली नाही, म्हणजे आत आहे. मागून 16 माणसांची गाडी निघालेली होती. संगणकाने ती चढावरच धरून ठेवली. पुढे जाऊ दिली नाही. पॅनेलवर ब्लॉक स्टॉप दिसू लागला.

माणसं चढावर बसलेली. खाली रांग. पॅनेलपाशी इंजिनिअर. त्यांच्या हिशेबात गाड्या चारच, आणि त्या चारही जागच्या जागी होत्या. मग हा ब्लॉक स्टॉप कशाचा? त्यांनी ठरवलं, संगणक चुकला असणार. बिघाड नुकताच झालेला, तोच अजून पुरता गेला नसेल. त्यांनी संगणकाचा थांबा बाजूला सारला आणि गाडी सोडली.

दुपारचे दोन वाजायला आले होते. ती गाडी उतारावरून आली आणि उभ्या रिकाम्या गाडीवर आदळली. पुढे कोर्टात त्या धडकेचं वर्णन करताना म्हटलं गेलं की दीड टनाची घरगुती मोटार ताशी 90 मैलांनी आदळावी, तशी ती धडक होती. पहिल्या रांगेतल्यांना सगळ्यात जास्त लागलं. दोन तरुण मुलींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. गाडी जमिनीपासून 20 फुटांवर, तिरकी अडकलेली. खाली पोहोचायला सरळ वाट नाही. सगळ्यांना उतरवायला चार तासांहून जास्त वेळ गेला.

चौकशी झाली. तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने काय म्हटलं असेल? रूळ ठीक होता. गाड्या ठीक होत्या. गाड्यांमध्ये अंतर राखणारी यंत्रणा ठीक होती. दोष होता तो कामाच्या पद्धतीत. ब्लॉक स्टॉप आला की कोणी काय तपासायचं, कोणाच्या परवानगीने थांबा काढायचा, हे नीट ठरवून दिलेलं नव्हतं. स्टॅफर्डच्या कोर्टाने 27 सप्टेंबर 2016 रोजी चालवणाऱ्या कंपनीला 50 लाख पाउंडांचा दंड केला.

श्रोतेहो, संगणक बरोबर होता. गाडी थांबली होती, कारण पुढे गाडी होती.

आपल्या घरी एमसीबी पडतो तेव्हा आपण काय करतो? खुर्ची ओढतो, वर चढतो आणि खटका पुन्हा वर करतो. पुन्हा पडला की पुन्हा वर करतो. गीझरच्या वायरिंगमध्ये पाणी गेलंय का, इस्त्रीची वायर सोलली आहे का, हे तिसऱ्यांदा पडल्यावर बघतो. पॅनेलपाशी उभ्या असलेल्या माणसाचं मनही तसंच चालतं. दिवसभरात दहा वेळा सेन्सर उगीच कुरकुरलेला असतो. धुळीने, पावसाने, सैल वायरने. अकराव्यांदा तो खरा असतो, पण दिसतो आधीच्या दहांसारखाच.

म्हणून नियम साधा हवा आणि तो कागदावर हवा. ब्लॉक स्टॉप आला की गाड्या मोजायच्या. पडद्यावर नाही, डोळ्यांनी. प्रत्येक गाडीवर नंबर रंगवलेला असतो. एक नंबर स्टेशनात, दोन नंबर चढावर, तीन नंबर शेवटच्या ब्रेकवर, चार नंबर शेडमध्ये. एखादा जरी नंबर सापडला नाही तर तो सापडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. स्वयंचलितवरून हाताने चालवण्यावर जायची किल्ली एकाच्याच ताब्यात हवी आणि रुळावर उतरणाऱ्या प्रत्येकाने मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावून चावी खिशात ठेवायला हवी. चार माणसं रुळावर असतील तर चार कुलपं. चारही निघाल्याशिवाय वीज येत नाही.

जाता जाता एक सांगायलाच हवं. आपल्याकडच्या पार्कांत ऑपरेटर म्हणून विशी-बाविशीची पोरं उभी असतात. दिवसभर उन्हात, तीच बटणं, तोच आरडाओरडा. त्यांना बसायला स्टूल द्या, प्यायला पाणी द्या, तास-दोन तासांनी जागा बदलून द्या. त्याच बटणावर सहा तास उभा असलेला माणूस बघतो, पण त्याला दिसत नाही. आणि सूचना मराठीत द्या. मांडीवरचा दांडा नीट बसला नाही तर हात वर करा, हे एक वाक्य मराठीत बोलायला काय हरकत आहे? गावाकडून आलेली आजी नातवाला घेऊन बसलेली असते. तिला इंग्रजीतली रेकॉर्ड ऐकवून काय उपयोग?

उंचीच्या पट्टीबद्दलही तेच. मूल दोन बोटं कमी भरलं की आईबाप त्याला टाचा उचलायला सांगतात. कृपा करून असं करू नका. ती पट्टी वय मोजत नाही. तो दांडा मुलाच्या मांडीवर टेकतो की मधे फट राहते, याचा तो हिशेब आहे. फट राहिली की टेकाडावर मूल त्या फटीतून वर सरकतं.

रोज सकाळी दारं उघडण्याआधी काय होतं, तेही ऐका. दोन माणसं सगळा मार्ग चालून जातात. प्रत्येक मोठ्या बोल्टवर आणि त्याच्या नटवर मिळून रंगाची एकच सरळ रेघ ओढलेली असते. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, सैल झाला. इतकं सोपं, आणि लांबूनही दिसतं. वेल्डिंगच्या जोडांवर बारीक भेगा शोधायला रंगीत द्रव लावतात, पुसतात, वर पांढरी पावडर मारतात. भेगेत शिरलेला रंग बाहेर येऊन लाल रेघ दाखवतो. मग रिकामी गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. थंड सकाळी बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं, चाकं कडक असतात, गाडी रेंगाळते. दुपारी तीच गाडी लवकर येते. नव्या राइडच्या चाचणीत माणसांच्या जागी पाण्याने भरलेले पुतळे बसवतात, ते याचसाठी. रिकामी, अर्धी, पूर्ण भरलेली, तिन्ही वेग बघावे लागतात. वारा मर्यादेच्या वर गेला की बंद. रांग कितीही असो, बंद.

जत्रेतल्या आकाशपाळण्यालाही हिशेब असतो. एक पाळणा भरला की तो माणूस शेजारचा भरत नाही, चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो. रांगेत मागे उभे असलेले आधी बसले म्हणून लोक त्याच्यावर ओरडतात. ओरडू नका. एकाच बाजूला माणसं बसवली तर ती बाजू जड होऊन खाली येते, चाक फिरवणारा पट्टा घसरतो आणि पाळणा आपल्या मनाने झुलू लागतो. तो वजन तोलतोय.

आणि शेवटी, तुमची गाडी कधी चढावर थांबली तर. पुढे कुठेतरी ब्लॉक भरलेला आहे, एवढं समजा आणि बसून राहा. दांडा हलवून बघू नका, पाय बाहेर काढू नका, मोबाइल काढून वाकून चित्रं घेऊ नका. चढाच्या कडेला कठड्याचा जिना असतो. कर्मचारी त्यावरून वर येतील, एका वेळी एकाच रांगेचा दांडा हाताने सोडवतील, उतरणाऱ्याचा दंड धरतील आणि मग पुढच्या रांगेकडे जातील. तुमची रांग शेवटची असेल तर वेळ लागेल. तेवढा वेळ लागू द्या.

नमस्कार.