श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतो

टीपीआर चार्ट, म्हणजे पेशंटचं टेम्परेचर, नाडी आणि श्वास आपण नर्स ज्यावर लिहितो तो तक्ता, उघडा आणि नुसता श्वासाचा रकाना बघा. २०, २०, १८, २०, परत २०. वॉर्डातल्या सगळ्या पेशंटचा श्वास एकसारखा, असं असतं का कधी? टेम्परेचर थर्मामीटर दाखवतो, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, बोटाला प्रोब लावला की येतं, पण श्वासासाठी आपल्यालाच घड्याळ धरून उभं राहावं लागतं, आणि नेमकं तेच एक मिनिट आपण वाचवतो.

मी पण वाचवलंय. स्टुडंट होते, नाइट ड्युटी होती, ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेला पेशंट, झोपलाय असं वाटलं, २० लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. थोड्या वेळाने सिस्टर आल्या, त्यांनी पांघरूण जरा बाजूला केलं, काही न बोलता मोजलं, तर ३४. सॅच्युरेशन ९५ होतं, बीपी पण ठीक. न्यूमोनिया सुरू झाला होता. तो पेशंट वाचला तो त्या सिस्टरांमुळे, माझ्यामुळे नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

असं का होतं ते समजून घ्या. ऑक्सिजन कमी पडायला लागला किंवा सेप्सिससारख्या (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागतात तो) आजारात रक्तात ॲसिड वाढलं की शरीर लवकरच श्वास वाढवतं, आणि त्या जोरावर सॅच्युरेशन बराच वेळ नॉर्मल दिसत राहतं. मोठ्या माणसात मिनिटाला १२ ते २० श्वास नॉर्मल, २५ किंवा वर गेला तर थांबायचं नाही, लगेच कळवायचं. उलटं पण लक्षात ठेवा, मॉर्फिन (दुखणं कमी करणारं, पण श्वास मंदावणारं औषध) चालू असेल आणि श्वास ८ वर आला तर तेही तितकंच गंभीर, आणि ऑक्सिजन लावलेला असेल तर सॅच्युरेशन तेव्हाही छान दिसू शकतं.

मोजताना सांगू नका, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी बघून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवा आणि नजर छातीवर न्या. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, एक श्वास चुकला तर चारचा फरक पडतो.

औषध देताना पण हाच अंदाज नडतो. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं की गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस हो म्हणून मोकळा होतो, म्हणून नाव त्याच्या तोंडून घ्या, हातातल्या बँडवरचा नंबर चार्टशी जुळवा, बेड नंबरवर कधीच जाऊ नका, बेड बदलतात.

कूस बदलताना माकडहाड आणि टाचा बघून घ्या. लाल जागा बोटाने दाबून पांढरी होत नसेल तर बेडसोअरची सुरुवात झालीय, तिथे मसाज अजिबात नको. सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही कधीकधी, मग हात लावून बघायचं, गरम लागतंय का, कडक झालंय का.

आणि डॉक्टरांना फोन केलात तर "पेशंट बरा वाटत नाही" एवढंच सांगून ठेवू नका. सांगा की सकाळी श्वास १८ होता, आता पूर्ण मिनिट मोजला तर २८ आहे, बोलताना मध्येच थांबतोय, तुम्ही येऊन बघा.